तिशीची अट काढा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

तोंडाच्या कर्करोगाची सरकारी तपासणी तिशीपासूनच होते. ती वयाची अट काढा, एवढंच मागणं आहे. वागळे इस्टेटमध्ये माझा दातांचा दवाखाना आहे. दाढ दुखते म्हणून आलेल्या कामगाराला मी आधी स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगतो. पंचविशीतल्या पोरांचीही कधीकधी दोनच जातात, तोंड पुरतं उघडतच नाही. गालाचं अस्तर पांढुरकं पडलेलं असतं, आत ताठ पट्टे बोटाला लागतात. "तंबाखू नाही हो डॉक्टर, नुसती सुपारी." ही नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच सांगून ठेवलंय.

आत काय घडतं? तोंडाच्या कर्करोगात पेशींना बेबंद वाढू न देणारं टीपी53 जनुक बहुधा बिघडतं, ते कायमचंच. पण पेशींच्या वाढीला लगाम घालणारं दुसरं जनुक, पी16, अनेकदा शाबूत असूनही गप्प असतं. त्याच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटतात आणि ते वाचलंच जात नाही. मंत्रालयाच्या भाषेत सांगायचं तर फाइल जागेवर आहे, वर स्थगितीचा शिक्का आहे. गाठ येण्याआधीच्या पांढऱ्या चट्ट्यांतही हा शिक्का सापडलाय. तो पुसणारी औषधं रक्ताच्या काही आजारांत वापरतात. तोंडाच्या कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारांत ती अजून आलेली नाहीत.

गाल-हिरडीच्या कर्करोगातल्या जनुकांवरचं भारतीय संशोधन 2013 मध्ये प्रसिद्ध झालं, त्यात आपल्या खारघरचं ॲक्ट्रेक हे टाटा स्मारकाचं कर्करोग संशोधन केंद्र होतं आणि कल्याणीची जनुक-संशोधन संस्था होती (आपलं कल्याण नव्हे, बंगालमधलं). एमएलएल4, एआरआयडी2 ही डीएनएची गुंडाळी सांभाळणारी जनुकं त्यात बिघडलेली आढळली. इतकं ज्ञान ठाणे-बेलापूर पट्ट्याच्या टोकाशी आहे, आणि त्याच पट्ट्यातल्या कामगाराचं तोंड कोणी उघडून बघत नाही.

कारण असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमातली तोंडाची तपासणी वयाच्या 30 व्या वर्षापासून सुरू होते. तिरुवनंतपुरमच्या पस्तिशीपुढच्या लोकांवरच्या चाचणीत नुसत्या डोळ्यांनी तोंड तपासल्याने तंबाखू-दारूची सवय असलेल्यांतले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू 34 टक्क्यांनी घटले. मान्य, ते वय वेगळं. पण आमच्याकडे तोंड आखडायला तिशीची वाट बघितली जात नाही, आणि एकदा आखडलेलं तोंड सहसा पूर्ववत होत नाही.

सुपारी, मावा, मशेरी, यातलं काहीही खाणाऱ्याला राज्याने 18 व्या वर्षापासून तपासावं. ज्याच्या तोंडात चट्टा दिसेल त्याचं नाव महापालिकेच्या आरोग्य केंद्रात नोंदवून दर सहा महिन्यांनी त्याला बोलवावं. यंत्रं लागत नाहीत. बॅटरी, आरसा आणि नोंदवही पुरे.

आपला,
ठाण्यातला एक दंतवैद्य