आमच्या धर्माला प्रचारक नाहीत
(आदिवासी विकास मंत्र्यांना खुले पत्र)

प्रति,
मा. मंत्री, आदिवासी विकास,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: येती जनगणना, आश्रमशाळा आणि आमचे देव

महोदय,
सप्रेम जोहार.

मी जव्हार तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. जमात वारली. २०११ च्या जनगणनेत मी प्रगणक होतो. फेब्रुवारीतल्या एका दुपारी शेजारच्या पाड्यावर एका म्हाताऱ्याच्या ओट्यावर बसून मी विचारलं, "बाबा, धर्म कुठला?" जमात त्याने चटकन सांगितली होती. धर्म म्हटल्यावर तो बराच वेळ गप्प बसला आणि मग एकेक देव सांगू लागला. हिमाय, नारनदेव, कणसरी, हिरवा, वाघदेव. शेवटी त्याने हात लांब करून समोरचा डोंगरही दाखवला. माझ्या कागदावर सहा धर्मांना सहा आकडे होते. त्यांच्याबाहेरचा धर्म कुणी सांगितला तर तो अक्षरात पूर्ण लिहायचा, अशी सूचनाही होती आणि ती मी वाचलेली होती. तरी मी १, म्हणजे हिंदू, लिहिला आणि पुढच्या रकान्याकडे वळलो. संध्याकाळपर्यंत सगळा पाडा मी त्या एका आकड्यात बसवला. नंतर माझं स्वतःचं घरही.

तो आकडा मला अजून टोचतो. १ मार्च २०२७ हा नव्या जनगणनेचा संदर्भ दिवस ठरला आहे आणि प्रगणक पुन्हा त्याच ओट्यांवर बसणार आहेत, म्हणून हे पत्र आत्ता लिहितो आहे.

आदिवासींच्या धर्मांतराबद्दल सध्या खूप बोललं जातं. चर्चवाले बोलतात, घरवापसीवाले बोलतात. दोन शेजारी बांधावरून हातघाईवर यावेत आणि शेत मात्र तिसऱ्याचंच असावं, तसं ते मला दिसतं. शेत आमचं आहे.

काही धर्म असे असतात की त्यांना जे गवसलं ते साऱ्या जगासाठी आहे असं त्यांना मनापासून वाटतं. मग ते सांगायला बाहेर पडणं हे त्यांचं कर्तव्य होतं. ख्रिस्ती आणि इस्लाम धर्म तसे आहेत. आमचं तसं नाही. आमचा वाघदेव शिवेवर असतो आणि त्याची हद्द गावापुरती. पलीकडच्या गावाचा वाघदेव वेगळा. त्याला आमच्या म्हाताऱ्यांनी कधी खोटा म्हटलं नाही. कणसरी आमच्या भाताच्या कणसात राहते. तिला घेऊन मी परमुलखात जाऊन "हिला माना, नाहीतर तुमचं बरं होणार नाही" असं सांगायला लागलो, तर माझ्या आजीने मला वेड्यात काढलं असतं. आमच्यात कुणाला बोलावून आत घेण्याची रीतच नाही. त्यामुळे या दोन तऱ्हेच्या धर्मांची गाठ पडते तेव्हा पारडं आधीपासूनच एका बाजूला झुकलेलं असतं. एकाकडे पुस्तक आहे, पगारी माणसं आहेत, बाहेरून येणारा पैसा आहे. दुसऱ्याकडे एक भगत आहे, लग्नात गाणारी धवलेरी आहे आणि तिच्यानंतर ती गाणी कुणाला येतील याची काळजी आहे.

धर्म बदलणं वाईट, असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्रात राहून तसं म्हणण्याचा मला अधिकार नाही. १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी आपला निश्चय जाहीर केला आणि १९५६ मध्ये नागपूरला दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षं त्यांनी सगळे धर्म वाचले, तपासले, प्रश्न विचारले. कुणी औषधाची बाटली हातात ठेवून त्यांना नेलं नव्हतं. बदलणारा स्वतः उठून निघाला होता. तो हक्क माझ्या प्रत्येक वारली भावाला आहे, आणि तो अबाधित राहिला पाहिजे.

माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने तो वापरला आहे. सतरा-अठरा वर्षं झाली. त्याची मुलगी आजारी होती, भगताने कोंबडे मागितले, ताप उतरला नाही. प्रार्थनेला येणाऱ्या एका कुटुंबाने तिला मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. पोरगी वाचली. भावाने दारू सोडली, अजून सुटलेलीच आहे. हे सगळं चांगलं झालं आणि ते मी कुणापुढेही सांगेन. पण त्याला नंतर शिकवलं गेलं की घरातले देव म्हणजे सैतान. आई गेली तेव्हा तो तिच्या कार्याला आला, अंगणाच्या कडेला उभा राहिला, पण पूर्वजांसाठी घास ठेवायला बसला नाही. आमच्यात मेलेली माणसं घरातलीच असतात. त्यांचा घास थांबला की नातं तुटतं. मुलीला दवाखान्यात नेणाऱ्यांचे उपकार मानायचे, की आईचा घास थांबवणाऱ्यांवर रागवायचं? मला दोन्ही करावं लागतं.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. आमच्या भागात १९४५ च्या आधी लग्नगडी होता. सावकार लग्नाला पैसे द्यायचा आणि नवराबायको आयुष्यभर त्याच्या शेतावर राबायची. कर्ज घेणाऱ्याने अंगठा दिलेला असायचा, म्हणजे कागदावर सगळं राजीखुशीचं. वारल्यांनी उठाव करून ते मोडलं. गरजेच्या वेळी दिलेल्या मदतीवर माणूस तारण ठेवून घेता येतो, हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणून औषध, वसतिगृह, शिष्यवृत्ती, धान्य यांपैकी काहीही देताना बदल्यात देव मागणं मला अनीतीचं वाटतं, मग मागणारा कुठल्याही झेंड्याखालचा असो. आणि दुसऱ्याच्या देवाला सैतान म्हणून आपला देव विकणं त्याहून वाईट.

आमच्याही घरात केर आहे. एखाद्या विधवेला भुताळी ठरवून तिचं जगणं नकोसं करणारी माणसं आमच्यातलीच असतात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा ठरवला, तरी पाड्यापर्यंत कायदा सावकाश पोहोचतो. अशा एका बाईला मी ओळखतो. तिला प्रार्थनाघराने ओट्यावर जागा दिली, आणि आम्ही दिली नव्हती. ती परत आली नाही तर दोष तिचा नाही.

आता दुसऱ्या बाजूबद्दल. आमचे आणि हिंदूंचे संबंध फार जुने आहेत. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात गणपती येतो, सरस्वती येते, राम-रावण येतात, आणि आम्हीच ते मुखवटे बांधून नाचतो. डहाणूच्या महालक्ष्मीच्या जत्रेला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जातो. यात कुणी कुणाला काही सोडायला लावलं नाही. म्हणून "आम्ही हिंदूच" म्हणणारे वारली आहेत. ते त्यांचं खरं आहे. पण गेल्या काही दशकांत जे सुरू झालं ते वेगळं आहे. बाहेरून माणसं येतात आणि तुमचा खरा देव अमुक, कोंबडं कापू नका, धवलेरीऐवजी भटजी बोलवा, असं सांगतात. यालाही मी प्रचारच म्हणतो. पाड्यावर गाडी घेऊन येणाऱ्या पास्टरला अडवायचं आणि तसंच येणाऱ्या महाराजाला नारळ द्यायचा, हा दुजाभाव सरकारने करू नये.

गोव्यातल्या गावडे या आदिवासी समाजाकडे बघा. पोर्तुगीजांच्या राज्यात त्यांच्यातले अनेक ख्रिस्ती झाले. १९२८ मध्ये मसूरकर महाराजांनी हजारोंची शुद्धी केली आणि ते नवहिंदू गावडे झाले. हिंदू गावडे, ख्रिस्ती गावडे, नवहिंदू गावडे. एका समाजाचे दोनदा वाटे पडले, आणि दोन्ही वेळा हाक बाहेरून आली.

अरुणाचलमध्ये आदी नावाच्या जमातीने वेगळी वाट काढली. तालोम रुकबो यांच्या पुढाकाराने १९८६ पासून दोन्यी-पोलो, म्हणजे सूर्य-चंद्राच्या श्रद्धेला, त्यांनी संघटना दिली, प्रार्थनागृहं बांधली, गीतं लिहून काढली, आठवड्याची सामुदायिक प्रार्थना सुरू केली. त्यामुळे ती टिकली. मला त्यांचं कौतुक वाटतं आणि थोडं दुःखही होतं. टिकायचं तर चर्चसारखं घर बांधावं लागतं, म्हणजे जिंकणाऱ्याचं रूप घ्यावं लागतं. आमच्या देवांना छप्पर आवडत नाही, असं माझी आजी म्हणायची.

त्याच अरुणाचलमध्ये १९७८ पासून धर्मस्वातंत्र्याचा कायदा आहे, म्हणजे जबरीच्या किंवा आमिषाच्या धर्मांतराला मनाई करणारा. त्याआधी १९६७ मध्ये ओडिशाने आणि १९६८ मध्ये मध्य प्रदेशाने तसे कायदे केले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ मधल्या प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. तो निकाल मला पटतो. पण धर्म बदलणाऱ्याला सरकारी टेबलासमोर उभं करून "का बदललास?" विचारणारे कायदे मला नको आहेत. माझ्या भावाला पोलीस पाटलाकडे खेटे घालावे लागणार असतील, तर त्यातून वाघदेवाचं काय भलं होणार? शिवाय काही राज्यांच्या कायद्यांत पूर्वीच्या धर्मात परतणं हे धर्मांतर धरलंच जात नाही. आमचा पूर्वीचा धर्म कोणता, हे तिथे कोण ठरवणार? मी लिहिलेला तो एक आकडा?

तो आकडा आधी दुरुस्त करा. इंग्रजांच्या काळात आदिवासींच्या धर्मासाठी वेगळा वर्ग होता. १९०१ मध्ये त्याला ॲनिमिस्ट म्हटलं गेलं. नाव परक्याने दिलेलं होतं, पण जागा तरी होती. स्वातंत्र्यानंतर तीही "इतर" मध्ये गेली. २०११ मध्ये देशात ७९ लाखांहून अधिक लोकांची नोंद या "इतर" मध्ये झाली. त्यांतल्या ४९ लाखांहून अधिक लोकांनी सरना, हे झारखंडकडच्या आदिवासींच्या धर्माचं नाव, लिहायला लावलं, म्हणजे ज्यांनी आग्रह धरला त्यांचं लिहिलं गेलं. नोव्हेंबर २०२० मध्ये झारखंड विधानसभेने जनगणनेत वेगळ्या सरना कोडसाठी, म्हणजे स्वतंत्र आकड्यासाठी, ठराव केला. आपल्या विधिमंडळाने आमच्यासाठी असं काही केलेलं माझ्या पाहण्यात नाही. सरना हा शब्द आमचा नाही आणि तो आमच्यावर लादू नये. वारल्याने वारली सांगितलं, गोंडाने गोंडी सांगितलं, भिलाने आणखी काही सांगितलं, कुणी हिंदू किंवा ख्रिस्ती सांगितलं, तर ते सांगितलं तसंच लिहिलं जावं. यावेळी प्रगणकाच्या हातात मोबाइल असणार आहे. यादीत नाव सापडलं नाही की बोट आपोआप पहिल्या नावावर पडेल. मी कागदावर हेच केलं होतं. आपल्या खात्याने केंद्राला लिहावं आणि आपल्या जिल्ह्यांतल्या प्रशिक्षणात हे डोळ्यांत तेल घालून शिकवलं जावं.

दुसरं काम तर पूर्णपणे आपल्या हातातलं आहे. आश्रमशाळा. अनुच्छेद २८ सांगतो की सरकारी पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, आणि अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्यात बसवता येत नाही. मी नोकरीत जे पाहिलं ते असं. एका वसतिगृहात जेवणाआधी येशूची प्रार्थना. दुसऱ्यात पहाटे श्लोकपठण. आणि दोन्हीकडे पोराच्या गळ्यातला भगताचा दोरा कापून टाकलेला. सहा वर्षांचं पोर असतं ते. त्याच्या आईबापाला कुणी विचारत नाही. अनुदान देताना ही एक अट लिहा आणि ती पाळली जाते का ते तपासा. शिक्षक म्हणून मी जितका काळ गप्प बसलो, त्याची ही थोडी भरपाई समजा.

आदिवासी भागातल्या ग्रामसभांसाठी असलेल्या पेसा कायद्याच्या कलम ४ (घ) ने ग्रामसभेला आपल्या रूढी, परंपरा आणि ओळख जपण्याचा अधिकार १९९६ मध्येच दिला आहे. दवाखाना, शिकवणी, मंदिर, चर्च, काहीही घेऊन येणाऱ्या बाहेरच्या संस्थेने आधी ग्रामसभेत यावं, कुणाचा पैसा आहे आणि काय करायचं आहे ते उघड सांगावं, आणि सेवा घेणाऱ्याला देव बदलायला लावणार नाही असं लिहून द्यावं. गावातल्या एखाद्या कुटुंबाने स्वतःच्या घरात कुणाची प्रार्थना करावी, हे मात्र ग्रामसभेने ठरवू नये. काही राज्यांत ख्रिस्ती आदिवासींना गावात मृतदेह पुरू दिला नाही, अशा बातम्या वाचल्या. माझ्या भावावर ती पाळी आलेली मला पाहायची नाही.

म्हणूनच धर्म बदललेल्यांना अनुसूचित जमातींच्या यादीतून काढण्याच्या मागणीला आपण पाठिंबा देऊ नये. अनुच्छेद ३४२ मध्ये धर्माची अट नाही. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की केवळ धर्म बदलल्याने आदिवासी आदिवासी राहत नाही असं होत नाही. भाऊ चर्चला जातो म्हणून त्याच्या अंगणातल्या नाचणीचा काही गहू होत नाही.

आणखी एक गोष्ट, जी धर्मांतरवाल्यांच्या दोन्ही बाजू विसरतात. आमचा देव जमिनीत आहे. २०१३ मध्ये ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या नियोजित खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींच्या धार्मिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला लावला. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. त्यांच्या देवाचा, नियमराजाचा, डोंगर वाचला. गडचिरोलीत सूरजागडला ठाकूरदेव आहे, माडिया आदिवासी दर जानेवारीत तिथे जत्रेला जमतात, आणि त्याच डोंगरावर लोहखनिजाची खाण चालते. पास्टर एका घरातला देव नेतो. डोंगर गेला की सगळ्या इलाख्याचे देव एकदम जातात, आणि ते घरवापसी करून परत आणता येत नाहीत. त्या डोंगरांची यादी आपल्या खात्याने ग्रामसभांकडून मागवावी.

येत्या वाघबारशीला आमच्या शिवेवर नैवेद्य असतो. आपण आलात तर बरं वाटेल, गाडी पाड्यापर्यंत येते. नाही जमलं तर उत्तर पाठवा. ते मी ग्रामसभेत वाचून दाखवीन. भाऊही येतो ग्रामसभेला, माझ्याच शेजारी बसतो.

आपला,
जव्हार तालुक्यातला एक निवृत्त शिक्षक