पैशांऐवजी मागितलेलं पत्र

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

त्या रात्री वाचनालयाच्या दारात मी पर्स उघडली तेव्हा तू हात मागे घेतलास. म्हणालास, "पैसे नकोत बाई. काय काय केलं ते तेवढं लिहून मोबाईलवर टाका. माऊस चालेना म्हणून लोक अख्खं मशीन उचलून दुकानात आणतात." नाव मात्र घालू नका म्हणालास. म्हणून हे पत्र सगळ्यांसाठी आहे आणि त्यात तुझं नाव नाही. आपल्या खानापूर तालुक्यातले जे वाचतील त्यांना तू कोण ते कळेल, त्याला माझा इलाज नाही.

तुला त्या दिवशी सगळं सांगायला वेळच नव्हता, म्हणून आधी ते सांगते. वाचनालयाच्या स्मरणिकेचं काम माझ्याकडे होतं. त्यातला माझ्या जिवाचा भाग म्हणजे आमच्या गल्लीतल्या आजींच्या जात्यावरच्या ओव्या. आजी नव्वदीच्या पुढच्या. मे महिन्यात मी त्यांचा आवाज मोबाईलवर घेतला. जूनमध्ये पाऊस लागला आणि त्यांचा घसा बसला, तो अजून सुटलेला नाही. गातानाचे शब्द एकदा ऐकून कळत नाहीत. काही ओळी मी दहा-दहा वेळा मागे नेऊन ऐकल्या, काही शब्दांसाठी त्यांच्या लेकीला बोलावून आणलं. दुपारपासून अशी 11 पानं टाइप झाली होती, नोटपॅडमध्ये, आणि मी एकदाही सेव्ह केलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बेळगावच्या छापखान्यात मजकूर द्यायचा होता.

संध्याकाळी सेव्ह करावं म्हणून माऊस हातात घेतला तर पडद्यावर बाणच नाही. हलवला, आपटला, तारा काढून घातल्या. काही नाही. ज्यांना फोन केला त्या दुरुस्तीवाल्यांनी पुढचं ऐकून न घेता सांगितलं, बटण दाबून धरा, बंद करा, उद्या आणून टाका, फॉरमॅट मारावं लागेल. माझं बोट बटणावर होतं. तेवढ्यात समोर झेरॉक्सच्या दुकानाचं शटर ओढताना तू दिसलास आणि मी हाक मारली.

तू पायरीवरूनच ओरडलास, "थांबा की ओ बाई! बंद करू नका!"

ते शेवटचे तीन शब्द नसते तर आजींच्या ओव्या पुन्हा पहिल्यापासून ऐकाव्या लागल्या असत्या, आणि दहाच्या आत ते होणं शक्य नव्हतं.

आत आल्यावर तू खुर्ची मागितली नाहीस. मला बसायला लावलंस आणि हात पाठीमागे बांधून शेजारी उभा राहिलास. मी चाळीस वर्षांच्या जवळपास शाळेत शिकवलं. मुलाच्या हातातली पेन्सिल ओढून न घेता त्याच्याकडून अक्षर काढून घेणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे. तू ते सहज केलंस.

"कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो काय?" लागला. "म्हणजे मशीन जागं आहे. आता कंट्रोल धरून एस." मी दाबलं. चौकट उघडली, नाव टाइप केलं, एंटर मारला. 11 पानं राहिली. मी तेव्हा रडले ते तू पाहिलंस आणि खिडकीकडे बघत उभा राहिलास, त्याबद्दलही आभार.

मग तू शोध घेतलास. माऊसचा सेल संपला असेल म्हणून भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून घातलास. फरक पडला नाही, तेव्हा तो परत घड्याळात घालून माझ्या मोबाईलवर बघून वेळही लावलीस. नंतर विचारलंस, "ह्याला दुसरा पडदा लावला होता काय?" रविवारी मुलांना पक्ष्यांची चित्रं दाखवायला प्रोजेक्टर जोडला होता. त्याची वायर तशीच होती आणि प्रोजेक्टर फक्त रिमोटने बंद केलेला. संगणकाला अजून दोन पडदे दिसत होते. टाइप करताना मी माऊस बाजूला सारला तसा बाण कडेवरून त्या न दिसणाऱ्या पडद्यावर गेला. तू विंडोजची खूण असलेली कळ धरून पी दाबायला लावलंस, वरखालीच्या कळांनी 'फक्त पीसी स्क्रीन' निवडून एंटर. बाण उजव्या कडेला उगवला.

उगवला, खरं जागचा हलेना. मी म्हटलं, पुन्हा बिघडलं. तू म्हणालास, "नाही बाई, दोन दुखणी आहेत. एकच असतं तर माऊस फिरवून फिरवून तुम्हीच बाण परत आणला असता." दुरुस्ती म्हणजे जादू नाही, विचार आहे, हे मला त्या वाक्याने दिसलं.

दुसऱ्या दुखण्याला दोन कारणं निघाली. माऊसचा छोटा रिसीव्हर मागच्या बाजूला, निळ्या यूएसबीत, बाहेरच्या हार्ड डिस्कला चिकटून बसवला होता. असा माऊस 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतो आणि यूएसबी 3 वर डिस्क चालू असली की तिच्या वायरीतून त्याच पट्ट्यात गोंगाट होतो. रिसीव्हर पुढच्या बाजूला आणला तेव्हा बाण हलायला लागला, पण अडखळत. मग तू टेबलाच्या काचेवर बोट ठेवलंस. माऊसच्या पोटातल्या दिव्याच्या उजेडात आतला बारीक कॅमेरा खालच्या पृष्ठभागाचे सारखे फोटो घेत असतो आणि ते ताडून किती सरकलो ते ठरवतो. काचेवर त्याला नीट काही दिसत नाही. तू आवक-जावकचं जुनं रजिस्टर माऊसखाली सरकवलंस आणि बाण पाण्यासारखा धावला. ते रजिस्टर अजून तिथेच आहे.

बाकीचं तू जाता जाता सांगितलंस, तेही लिहिते. विंडोजची कळ आणि आर दाबून 'मेन, टिंब, सीपीएल' असं इंग्रजी अक्षरांत लिहून एंटर मारला की माऊसची चौकट उघडते. तिथे टाइप करताना बाण लपवायची खूण असते, ती काढता येते. कंट्रोल दाबल्यावर बाणाभोवती वर्तुळ उमटवायचीही सोय तिथेच आहे, माझ्यासारख्या चष्मेवाल्यांनी ती चालू करावीच. माऊस अगदीच मेला तर डावा ऑल्ट, डावी शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबून 'हो' म्हणायचं, मग उजवीकडच्या आकड्यांनी बाण चालतो आणि 5 म्हणजे क्लिक. लॅपटॉपवर बोट फिरवायची पट्टी चुकून बंद होते, ती चालू करायची कळ बहुधा वरच्या एफच्या ओळीत असते. आणि आधी सेव्ह करून मग रीस्टार्ट करायचं, शटडाऊन नव्हे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊनने सगळं मुळातून नव्याने सुरू होत नाही, रीस्टार्टने होतं.

एवढं होईपर्यंत रात्रीचे आठ वाजले. तू निघताना पडद्यावरच्या ओव्या एकेक अक्षर जुळवत वाचल्यास. तुझी शाळा कन्नड, घरची भाषा कन्नड, तरी भावाला माहेरी बोलावणारी ओवी तू बरोबर ओळखलीस. "आमच्या अव्वालाही येतात असली. बीसुकल्लिन पद, म्हणजे जात्यावरचं गाणं, म्हणतो आम्ही." पुढे काहीच न बोलता तू छत्री उघडलीस.

तेव्हापासून माझ्या मनात तेच घोळतंय. एकाच तालुक्यातल्या दोन जात्यांवर भाऊ दोन भाषांत माहेरी बोलावला जात होता आणि मी मराठीचीच गाणी गोळा करत बसले होते.

स्मरणिका छापून आली आहे. तुझी प्रत मी दुकानात देणार नाही, घरी आणून अव्वाच्या हातात देईन. त्यांना विचारून ठेव, येत्या रविवारी दुपारी आले तर चालेल का. मोबाईल चार्ज करून आणते. कन्नड मला ऐकून कळतं, लिहिता येत नाही, तेव्हा टाइप करायला तू बसायचं आणि शेजारी मी उभी राहीन.

तुझी,
वाचनालयातली बाई