स्पितीच्या आयबेक्सना हिवाळ्यात तरी धावायला लावू नका

मा. केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्री यांस,

सप्रेम नमस्कार.

जानेवारी २०२४ मध्ये देशातल्या हिमबिबट्यांचा आकडा जाहीर झाला : ७१८, त्यातले ५१ हिमाचलात. आनंदच आहे. पण हिमबिबट्या ज्यांच्यावर पोट भरतो त्या आयबेक्सची, हिमालयातल्या रानबकऱ्यांची, विचारपूस होत नाही.

हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यातलं किब्बर गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० मीटरवर. ऐन थंडीत पारा उणे २५च्याही खाली उतरतो. तिथे आयबेक्स तगतात, कारण राठ केसांखाली लोकरीचा दाट थर थंडीआधीच तयार झालेला असतो. मुक्काम उन्हाच्या अंगाच्या उभ्या कड्यांवर : तिथे बर्फ ठरत नाही, आणि हिमबिबट्या आलाच तर दोन उड्यांत कपार गाठता येते. खुराची कड टणक, तळवा मऊ, त्यामुळे बोटभर कंगोऱ्यावरही पाय ठरतो. मादी पुढच्या पायाने बर्फ उकरते, वाळक्या काड्या ओरबाडते, मग उन्हात बसून रवंथ. त्या काड्यांत कस कुठला? हिवाळा निघतो तो उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीवर. बोकडांचं तर माजात खाण्याकडे लक्षच नसतं, तेव्हाच ते रोडावतात.

अशा वेळी हालचाल जितकी कमी तितकं बरं. आणि नेमके फेब्रुवारी-मार्चमध्ये आपण हिमबिबट्या बघायला जातो. 'आपण'च, कारण पुण्या-मुंबईचे गट त्यात असतातच. ड्रोन घोंघावला की अख्खा कळप उकरलेली जागा टाकून वर पळतो. रील अर्ध्या मिनिटाचं. चरबी जळते ती त्यांची. अभयारण्यात विनापरवाना ड्रोन चालत नाही म्हणे. कागदावर!

कुत्र्यांचं वेगळंच. हंगामात हॉटेलांच्या उष्ट्यावर पोसलेली कुत्री पर्यटक गेले की उपाशी पडतात, टोळीने डोंगरात शिरतात आणि गावच्या मेंढ्यांबरोबर रानच्या जनावरांवरही तुटून पडतात.

म्हणून विनंती : नोव्हेंबर ते एप्रिल ड्रोन पूर्ण बंद, आणि दंड खरोखर वसूल व्हावा. कळपापासून किती लांब थांबायचं ते वन विभागाने ठरवून सहल कंपन्यांच्या परवान्यावरच छापावं. राखणीला गावातलीच माणसं पगारी नेमा. कुठला कळप कुठे बसतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? कचरा आणि कुत्री हा राज्याचा विषय, मान्य. पण कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाला २००९ पासून चालू असलेल्या हिमबिबट्या प्रकल्पातून पैसा देता येणार नाही का?

हिवाळी सहलींची बुकिंगं कितीतरी आधी सुरू होतात. आदेश त्याआधी निघावा.

आपला,
स्पितीला जाणारा एक मराठी पर्यटक