केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: न्हावाशेवा बंदरावर थांबलेला कायदा

प्रति,
मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. बेदाण्याचं गाऱ्हाणं घेऊन आरोग्यमंत्र्यांच्या दारात कशाला, असं आपल्या कार्यालयात कुणीतरी म्हणेलच. परदेशातून येणाऱ्या अन्नावर नजर ठेवणारी एफएसएसएआय आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे, म्हणून पत्र आपल्याला. आपल्या व्यापातून पाच मिनिटं मिळावीत, ही नम्र विनंती.

गेल्या आठवड्यात सौद्यात, म्हणजे बेदाण्याच्या लिलावात, माझा माल दिवाळीच्या दरापेक्षा किलोमागं साठ रुपये खाली गेला. बॉक्स फोडला, बेदाणा ओतला, व्यापाऱ्यांनी मूठ मूठ उचलून बघितला, निम्मा जमिनीवर उधळला आणि एक जण हसत म्हणाला, "अण्णा, बाहेरचा माल याहून स्वस्त पडतोय, तुमचा कशाला घेऊ?" हा बाहेरचा माल म्हणजे चीनचा. तो कधी अफगाणिस्तानच्या नावावर येतो, कधी नेपाळमार्गे येतो, असं इथं शेंबडं पोरसुद्धा सांगतं. द्राक्ष बागायतदार संघानं २०२५ मध्येच यावर आवाज उठवला. वर्तमानपत्रांत छापून आलं, बैठका झाल्या, निवेदनं दिली, फोटो काढले. माल किती टन आला, हे मात्र ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. कुणी शेकड्यात बोलतो, कुणी हजारात. खरा आकडा सरकारच्या संगणकात असणार. तो आम्हाला कधी सांगणार?

स्वस्त माल येऊ नये असं मी म्हणत नाही. ज्याला चीनचा खायचाय त्यानं चीनचा म्हणून खावा. पण तो माल इथल्या शेडमध्ये येतो, धुतला जातो, तेलाचा हात फिरवून चकचकीत केला जातो, ग्रेडिंग होतं आणि "सांगली बेदाणा" छापलेल्या बॉक्समधून बाहेर पडतो. आमच्या बेदाण्याला जीआय मानांकन आहे, साहेब, म्हणजे हे नाव इथल्याच मालाला लावता येतं. ते मिळालं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते.

आता आपल्या कायद्याकडं येतो. शेतकरी असलो तरी वाचता येतं. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्याच्या कलम २५ प्रमाणे असुरक्षित, कमी दर्जाचं किंवा खोटं लेबल लावलेलं अन्न देशात आणताच येत नाही. २०१७ ची आयात नियमावली तर बघत राहावी अशी आहे. आयातदाराला परवाना हवा. अधिकारी आधी कागद बघणार, मग माल डोळ्यांनी बघणार, गरज वाटली तर दोन नमुने काढून एक प्रयोगशाळेत धाडणार. प्रयोगशाळेनं पाच दिवसांत अहवाल द्यायचा. मालाच्या मुदतीपैकी ६० टक्के किंवा तीन महिने, यातलं जे कमी तेवढी मुदत शिल्लक हवी. एवढं झालं की ना हरकत दाखला मिळतो आणि कंटेनर सुटतो.

आणि सुटला की सुटलाच.

पुढं त्या मालाचं काय होतं, तो कुणाच्या शेडमध्ये जातो, कुठल्या बॉक्समध्ये भरला जातो, याचं उत्तर बंदरावरचा अधिकारी देत नाही, कारण त्याचं काम संपलेलं असतं. जिल्ह्यातला अधिकारीही देत नाही, कारण त्याच्या मते आयात हा केंद्राचा विषय. शिवाय नमुनेही सगळ्याच मालाचे निघत नाहीत, जोखीम बघून संगणक निवडतो. संगणकाला बेदाण्यात जोखीम दिसते का, देव जाणे. परदेशी कारखान्यांची नोंदणी आपण सक्तीची केलीत ती दूध, मांस, अंड्याची भुकटी, बाळांचा आहार अशांसाठी. सुकामेवा त्यात नाही. म्हणजे कुठल्या वाळवंटात, कुठली औषधं मारून हा बेदाणा वाळवला, हे विचारायची सोयच नाही.

आणि आमचं? २०१० साली युरोपात आपली द्राक्षं क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून अडकली. आम्ही त्याला लिहोसीन म्हणतो. त्या साली या पट्ट्यात जे कर्जात बुडाले त्यातले काही अजून वर आलेले नाहीत. तेव्हापासून औषधाची बाटली उघडताना हात थांबतो. निर्यातीच्या बागेची नोंदणी होते, फवारणीची वही ठेवावी लागते, प्रयोगशाळेतनं रेसिड्यूचा, म्हणजे औषधाच्या अंशाचा, अहवाल आल्याशिवाय घडाला कात्री लागत नाही. युरोपातल्या माणसाच्या पोटाची एवढी काळजी आम्ही घेतो. मग जळगावच्या, नागपूरच्या, दिल्लीच्या माणसाच्या पोटाची काळजी कुणी घ्यायची?

मी नुसता ओरडत बसलो नाही. याच कायद्याचं कलम ४० आहे: कुठल्याही ग्राहकानं विकत घेतलेलं अन्न, फी भरून, अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतं. दुकानातनं बेदाण्याचं पाकीट आणलं, पावती घेतली, जिल्ह्याच्या ठिकाणी एका कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांना ते कलम मीच मोबाइलवर दाखवलं. कायद्यात अहवालाला १४ दिवस आहेत. "चौदा दिवसांत तुम्हाला फोन येईल," साहेब म्हणाले. चहासुद्धा पाजला. त्यानंतर ऑक्टोबर छाटणी झाली, पावसानं घड जिरले, डाऊनी रोगानं उरलीसुरली बाग धरली, फवारण्यांवर फवारण्या झाल्या, सोसायटीची कर्जाची नोटीस आली. फोन आला नाही. शेवटी मीच जाऊन उभा राहिलो, तर हातात कागद ठेवला: नमुना प्रमाणित दर्जाचा आहे. अहो, पण तो कुठला आहे? "ते तपासायची आमच्याकडं सोय नाही."

हीच ती गोम आहे, मंत्रिमहोदय. आपला कायदा विचारतो, खाल्ल्यावर माणूस आजारी पडेल का? माल कुठून आला हे विचारण्याची जबाबदारी लेबलवर टाकलेली आहे, आणि लेबल लिहिणारा तोच, ज्याला लपवायचंय. २०२० च्या लेबलिंग नियमांत मूळ देशाचं नाव बंधनकारक आहे. दुसऱ्या देशात प्रक्रिया होऊन पदार्थाचं स्वरूपच बदललं तरच देश बदलतो. धुऊन, तेल लावून, ग्रेडिंग करून बेदाण्याचं स्वरूप बदलतं का? मग बॉक्सवर चीन का नाही? खोट्या लेबलला जास्तीत जास्त तीन लाख दंड. दहा टनांची एक गाडी धरली आणि किलोला साठ रुपये सुटले, तरी सहा लाख होतात. दंड भरून वर तीन लाख उरतात, आणि पकडलाच जाईल असंही नाही. माझ्या बागेपेक्षा हा धंदा बरा.

आमच्या घरची गंमत ऐका. माझी सून घरी पाव किलोची पाकिटं भरते. आपल्याच एफएसएसएआयकडं रीतसर नोंदणी आहे. मागच्या वर्षी एक अधिकारी आले. पाकिटावरच्या अक्षरांची उंची त्यांनी पट्टी लावून मोजली. बॅच नंबर पुसट आलाय, म्हणाले. सुधारणा नोटीस दिली. छापून आणलेली सगळी पाकिटं तिनं टाकून दिली आणि नवी छापली. त्या दिवशी ती जेवली नाही. अधिकारी चुकले असं मी म्हणत नाही, नियम तो नियम. पण तीच पट्टी घेऊन ते एकदा त्या मोठ्या शेडच्या दारात जातील का? की तिथं पट्टी आखूड पडते?

चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो. त्या चार किलोंमागं काय जातं ते दिल्लीत कसं कळणार? एप्रिलच्या खरड छाटणीपासून रॅकवर माल वाळेपर्यंत वर्ष जातं. शेडवर नेट टाकून झोपायचं, आणि ढग आले की रात्री दोनला उठून ताडपत्री ओढायची. मजूर, डिपिंग ऑइल, गंधक, कोल्ड स्टोरेजचं भाडं, अडत, तूट. बेदाण्यावर जीएसटी लागणार की नाही याचा घोळ वर्षानुवर्षं चालला, शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये परिषदेनं सांगितलं, शेतकऱ्याला लागत नाही. उपकार झाले.

आणि आता बोलतोच आहे तर बोलून टाकतो. कांदा जरा वर गेला की डिसेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत निर्यातबंदी. त्याच महिन्यात पिवळ्या वाटाण्याची आयात शुल्कमुक्त. ग्राहकाला महाग पडू नये म्हणून सरकारला एका रात्रीत सगळं सुचतं. शेतकरी लुटला जातोय म्हटलं की आरोग्य खातं वाणिज्यकडं बोट दाखवतं, वाणिज्य सीमाशुल्काकडं, सीमाशुल्क राज्याकडं आणि राज्य दिल्लीकडं. मतं मागायला येताना मात्र सगळे एकाच गाडीतनं येतात.

मागणी फार मोठी नाही. आयात झालेल्या प्रत्येक बेदाण्याच्या खेपेचा बंदरावरचा क्रमांक पुढच्या प्रत्येक खरेदी-विक्रीच्या बिलावर आणि शेवटच्या बॉक्सवर यावा. वॉशिंग-ग्रेडिंगच्या शेडमध्ये आवक किती, जावक किती, याची वही अचानक जाऊन तपासावी. रेसिड्यूची जी यादी आमच्या निर्यातीला लागते तीच आयातीला लावावी. आणि खोट्या लेबलचा दंड मालाच्या किमतीच्या पटीत असावा.

नवा माल फेब्रुवारीत शेडवर येईल. त्याआधी यातलं एक तरी व्हावं. सौद्याच्या दिवशी आपण स्वतः तासगावात आलात तर आमचा आणि चीनचा बेदाणा शेजारी शेजारी ठेवून दाखवतो. अधिकारी सोबत आणू नका. ते आले की गोडाऊनं आधीच रिकामी होतात.

कळावे,
एक द्राक्ष बागायतदार
ता. तासगाव, जि. सांगली