एकाचंच कॅरेक्टर भारी आणि बाकीचे नुसते बघत बसलेले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीत पोरांनी मोबाईल सोडून काय खेळावं यावर आपल्या पेपरात पत्रं येतायत, त्यात टेबलटॉप रोलप्लेइंग गेमचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून मी घेतोय. आमच्या विश्रामबागेतल्या घरी गच्चीवरच्या खोलीत दर रविवारी भाचा आणि त्याच्या वर्गातली तिघंजणं डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतात, गोष्ट मी सांगतो, म्हणजे मी त्यांचा डीएम, पोरं आपापलं पात्र बोलतात आणि जमलं की फसलं ते २० पैलूंचा फासा ठरवतो. भडंगाचं पातेलं मधे आणि फासे पलंगाखाली जाऊ नयेत म्हणून स्टीलच्या ताटात टाकायचे.

खेळ उत्तमच आहे, पण त्यात पात्र हिशेब करून करून इतकं ताकदवान बनवायची जी ओढ लागते, पोरं त्याला ओपी बिल्ड म्हणतात, त्याबद्दल मला मनापासून सांगायचंय कारण त्यात आमचा खेळ मोडता मोडता राहिला.

भाच्याचं गणित चांगलं. आम्ही २०१४ च्या नियमांनी खेळायचो, त्यात पात्राला शार्पशूटर नावाचं खास कौशल्य, म्हणजे फीट, घेतलं की नेम ५ ने कमी करायचा आणि लागला तर मार १० ने वाढतो, त्याला क्रॉसबो एक्स्पर्ट हे दुसरं फीट जोडलं की एक बाण जादा मिळतो, वर पाचव्या लेव्हलच्या फायटरचा, म्हणजे लढवय्याचा, अ‍ॅक्शन सर्ज, त्याच फेरीत पुन्हा हल्ला करायची मुभा, असे एका फेरीत पाच बाण आणि प्रत्येकाचा मार सरासरी साडेसोळा. मी पुलावर एक ओगर, म्हणजे राक्षस, बसवला होता, ५९ पॉइंटचा, म्हणजे तेवढा मार बसला की तो आडवा. पाचातले चार लागले, ओगर खाली, पहिली फेरी पण पूर्ण नाही झाली.

आमच्यातली एक मुलगी बार्ड, म्हणजे गाणारं-वाजवणारं पात्र, खेळते. तिने ते पात्र गोंधळी म्हणून रंगवलंय, गळ्यात संबळ, कुठल्या गावची, आई कोण, सगळं दोनशे पानी वहीत लिहून आणलेलं. तिला त्या ओगरशी बोलायचं होतं, हा पूल अडवून का बसलाय ते विचारायचं होतं, ओळी सुद्धा तयार होत्या. पाळीच आली नाही. काही बोलली नाही ती, वही मिटली आणि ताटातले फासे रंगाप्रमाणे लावत बसली, ते मला अजून दिसतं.

मग मी चूक केली. भाच्याला पुरे पडावं म्हणून पुढच्या रविवारी हिल जायंट नावाचा आणखी मोठा राक्षस आणला, १०५ पॉइंटचा. तो वळला गोंधळिणीवर, दोन घाव, एकेक अठरा-एकोणीसचा, तिच्याकडे एकूण २८. आडवी झाली. एकासाठी राक्षस वाढवला की बाकीचे त्याच्या पायाखाली येतात, हे प्रत्येक डीएमने माझ्या चुकीवरून शिकावं.

हा रोग आजचा नाही. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ काढला तेव्हा पात्राच्या गुणांसाठी तीन फासे टाकायचे आणि पडेल तो आकडा घ्यायचा, निवडायला फारसं काही नव्हतंच. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत फीट आले, पात्रांचे वर्ग, म्हणजे फायटर, बार्ड असे प्रकार, हवे तसे मिसळता यायला लागले आणि हिशेबाला रान मोकळं झालं. त्यातूनच पुढे पन-पन नावाचं कोबोल्डचं, म्हणजे सरड्यासारख्या बुटक्या प्राण्याचं, पात्र कागदावर तयार झालं, ताकद अमर्याद, पण ते खेळायला नव्हतंच मुळी, नियम कुठवर ताणतात ते बघायला होतं. दुसरा प्रकार म्हणजे दोन हजारावर शेतकरी रांगेत उभे करायचे आणि हातोहात काठी पुढे द्यायची, नियमाप्रमाणे सगळं सहा सेकंदात होतं, म्हणून ती काठी तोफेच्या गोळ्यासारखी लागली पाहिजे असा दावा. २०२४ च्या डीएमच्या पुस्तकात आता सरळ छापलंय की नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे, आणि शार्पशूटरचं ते पाच-दहाचं गणितही त्या साली काढून टाकलं. तरी नवीन वाट कुणीतरी शोधणारच, आणि शोधू दे, त्या डोकेबाजपणाबद्दल मी पोराला कधीच रागावलो नाही.

आपली सांगली बुद्धिबळाची पण आहे आणि नाटकाची पण. पटावर समोरच्याला वाव द्यायचा नसतो. पण १८४३ ला इथेच विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं तेव्हा सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आपापली भाषणं तिथल्या तिथे रचायची, हा खेळ त्या जातीचा आहे, इथे दुसऱ्याला बोलायला जागा ठेवावीच लागते. भाच्याला मी एवढंच विचारलं, हेच डोकं दुसऱ्याचं पात्र भारी करायला लावशील का. दोन दिवस गप्प होता. मग क्लेरिक, म्हणजे मंत्राने साथीदारांना मदत करणारा पुजारी, बनवून आणला, "मामा, ब्लेसचा मंत्र घेतलाय, तिघांना प्रत्येक हल्ल्यात चार पैलूंचा फासा जादा, सरासरी अडीच, म्हणजे साडेबारा टक्के!" हिशेब तोच, आवड तीच.

परवा हल्ला करताना गोंधळिणीची बेरीज १३ झाली, हवे होते १५. तिने तो छोटा फासा टाकला, ३ पडले, आणि सगळ्यात मोठ्याने ओरडला तो भाचा.

आपल्या रविवारच्या पुरवणीत या खेळावर जरूर लिहा, आणि लिहाल तेव्हा एवढं छापा की पात्रं घरून एकेकट्याने बनवून आणू नका, पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकत्र बसून बनवा, कोण काय करणार ते आधी ठरवा.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली