ओसरीवरच्या फरशीवर शिकलेले क्लासिकल मेकॅनिक्स

आदरणीय सर,
सादर प्रणाम.

एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रातील क्लासिकल मेकॅनिक्सचा, म्हणजे वस्तूंच्या गतीच्या शास्त्राचा, पेपर परवा झाला. निकालाला अवकाश आहे, परंतु आपले आभार मानण्यासाठी त्याची वाट पाहणे मला योग्य वाटले नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळहून शेवटच्या एसटीने मी दारव्हा तालुक्यातल्या आपल्या गावी परतत असे, तेव्हा दिवेलागण होऊन गेलेली असे. तरीही आपण ओसरीवरची शहाबादी फरशी ओल्या फडक्याने पुसून, हातात खडू घेऊन बसलेले असत. गणितज्ञ लॅग्रांज यांच्या यांत्रिकीवरील 1788 सालच्या ग्रंथात एकही आकृती नाही, हे आपणच मला सांगितले आणि लगेच म्हणालात, "त्यांचे चालले, तुझे चालणार नाही, आधी आकृती काढ." मग विहिरीवरच्या रहाटाचे चित्र निघाले. दोराची लांबी बदलत नाही, त्यामुळे एक बादली जितकी खाली जाते तितकीच दुसरी वर येते, आणि वस्तू दोन असल्या तरी मोजायचा निर्देशांक, म्हणजे स्थान सांगणारी संख्या, एकच उरतो. दोराचा ताण समीकरणात का येत नाही, हे तोवर मी केवळ पाठ केले होते.

मात्र सर्वांत अधिक ऋण आहे ते केंद्रीय बलाच्या, म्हणजे सूर्य ग्रहाला ओढतो तशा एका केंद्राच्या रोखाने लागणाऱ्या बलाच्या, प्रकरणाचे. कोन लॅग्रांजियनमध्ये (गतिज ऊर्जेतून स्थितिज ऊर्जा वजा करून मिळणाऱ्या राशीत) प्रत्यक्ष येत नाही, म्हणून कोनीय संवेग, म्हणजे केंद्राभोवती फिरण्याच्या गतीचे माप, अक्षय्य राहतो, इथवर माझे बरोबर होते. पण त्या संवेगाची किंमत मी घाईने लॅग्रांजियनमध्येच घातली आणि समीकरणातल्या अपकेंद्री (केंद्रापासून दूर ढकलणाऱ्या) पदाचे चिन्ह उलटे आले. ग्रह सूर्यापासून दूर ढकलला जाण्याऐवजी आत ओढला जाऊ लागला. आपण चूक दाखवली नाही. तोच प्रश्न शेजारच्या फरशीवर दुसऱ्या रीतीने, म्हणजे आधी गतीचे समीकरण काढून आणि मगच संवेग घालून, सोडवायला लावला, आणि दोन्ही उत्तरे समोरासमोर ठेवून मला गप्प बसू दिले. अंतरानुसार विकलन करताना कोनीय वेग स्थिर धरायचा असतो आणि मी नकळत संवेग स्थिर धरला होता, हे ध्यानात यायला मला पाऊण तास लागला. तेवढा वेळ आपण एक शब्दही बोलला नाहीत. वर्गात इतका वेळ मिळणे शक्यच नव्हते.

लघु आंदोलने आणि हॅमिल्टनची समीकरणे ही पुढची प्रकरणे त्यानंतर फारशी जड गेली नाहीत.

परवाच्या पेपरात केंद्रीय बलाचाच प्रश्न होता. मी आधी आकृती काढली, गतीचे समीकरण मांडले, आणि त्यानंतरच संवेग घातला. चिन्ह बरोबर आले, सर.

आपली वही माझ्याकडेच आहे. वेचणी आटोपताच आईसोबत ती परत करायला येते.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी