मीटिंगला न आल्यास पगार कापतात, मग आल्यास का देत नाहीत?

संपादक महोदय,

मंगळवारच्या अंकात कारखान्यांतल्या पाळीआधीच्या मीटिंगांविषयी जे पत्र आले, ते मी दोनदा वाचले. कामगारांनी दहा-पंधरा मिनिटांचा हिशेब करत बसू नये, असे त्यात म्हटले आहे. पत्रलेखकांनी स्वतः कष्टाने छोटा उद्योग उभा केला, त्याबद्दल मला आदर आहे. पण ती पंधरा मिनिटे त्यांची नाहीत, आमची आहेत.

मी गोव्यातल्या कुंडई औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या पॅकिंगमध्ये 14 वर्षे काम करतो. सकाळची पाळी आठची. पावणेआठला लाइनजवळ उभे राहायचे. काल किती बॉक्स रिजेक्ट झाले, आज कुठली बॅच आहे, कोणाच्या टोपीतून केस बाहेर आले होते, हे सुपरवायझर सांगतो. ते ऐकल्याशिवाय मशीनला हात लावता येत नाही. म्हणजे ते कामच झाले. पण पंचिंगला बोट लावायचे ते मीटिंग संपल्यावर, आठला. महिन्याच्या 26 दिवसांचे साडेसहा तास होतात, वर्षाचे 78. आठ तासांच्या पाळीने मोजले तर जवळजवळ दहा दिवस. मला दिवसाला 720 रुपये पडतात, म्हणजे वर्षाला सात हजार रुपये गेले. माझ्या मुलीची ट्यूशन त्यात भागते.

रविवारचे तर विचारूच नका. गेल्या वर्षी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, बुधवारी होती. त्याआधीच्या रविवारी मी आणि माझे वडील माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळा-फुलांसाठी, रानात जातो, हे आमचे वर्षानुवर्षांचे ठरलेले. गुरुवारी रात्री व्हॉट्सअॅपवर मेसेज आला की रविवारी नऊला मीटिंग, उपस्थिती सक्तीची, न येणाऱ्याचा एक दिवस कापला जाईल. तो मेसेज माझ्याकडे अजून आहे. नऊ ते बारा ऑडिटबद्दल सांगितले, एक चहा आणि एक सामोसा दिला. परत येताना बाणस्तारीला तासभर बसची वाट पाहिली. घरी पोचलो तर वडील 72 व्या वर्षी एकटेच रानात जाऊन आले होते, हाताला काट्यांचे ओरखडे होते. माटोळीला लागणाऱ्या कवंडाळ या रानफळाची वेल झाडावर उंच चढते, ती फळे दर वर्षी मीच काढायचो. गेल्या चवथीला आमच्या माटोळीला कवंडाळ नव्हते. वडील एक शब्द बोलले नाहीत, पण दिवसभर त्यांची नजर पुन्हा पुन्हा वर जात होती.

पुढच्या आठवड्यात मी ऑफिसात जाऊन त्या तीन तासांचे पैसे मागितले. मीटिंग म्हणजे प्रॉडक्शन नव्हे, असे उत्तर मिळाले. मग न आलेल्या माणसाचा दिवस कशाबद्दल कापला? त्या आठवड्यात शनिवारपर्यंत माझे 48 तास पुरे झाले होते. तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्यात त्यापुढच्या कामाला दुप्पट दर होता आणि साप्ताहिक सुट्टी गेली तर बदली सुट्टीही होती. तासाला 90 रुपये, दुप्पट 180, तीन तासांचे 540 रुपये. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता आल्या, त्यांतही ओव्हरटाइमचा दर दुप्पटच आहे. मला ना पैसे मिळाले, ना बदली सुट्टी.

मी निदान कायम आहे, म्हणून विचारू तरी शकलो. माझ्या बाजूला ठेकेदाराने कामाला लावलेली मुले उभी असतात. त्यांना ठेकेदार सांगतो कंपनीकडे मागा, कंपनी सांगते ठेकेदाराकडे जा. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती मूळ मालकाने द्यायची, ही तरतूद 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होती. त्या पोरांना हे कोणी सांगितलेलेच नाही. सांगितले तरी ती तोंड उघडणार नाहीत, कारण दुसऱ्या दिवशी गेटवर त्यांचा पास चालत नाही. असे होताना मी पाहिले आहे.

पत्रलेखक म्हणतात, अडचण असेल त्याने तक्रार करावी. तक्रारीला पणजीला जायचे तर एक दिवसाची मजुरी सोडावी लागते आणि परत आल्यावर त्याच सुपरवायझरसमोर उभे राहायचे असते. माझी एकच विनंती आहे. पणजीत आल्तिनोला असलेल्या सरकारी कारखाने व बाष्पक (बॉयलर) निरीक्षणालयाने एखाद्या सकाळी साडेसातला कुठल्याही वसाहतीत आपला माणूस पाठवावा. लाइनजवळ माणसे किती वाजता उभी राहिली ते त्याने लिहून घ्यावे आणि पंचिंग मशीनमधली वेळ त्याच्या शेजारी मांडावी. त्याला कोणाचीही तक्रार लागणार नाही.

कृपया माझे नाव छापू नये.

- एक कामगार, साखळी